फिल्डवरच्या पोरांसाठी सहा लॅपटॉप घ्यायचेत: बिझनेस सिरीज खरंच टिकते का?

कॅलिब्रेशनवाला
९ नोव्हेंबर २०२५, रात्री १०.१२

मंडळी, अंबडला आमचं छोटं कॅलिब्रेशनचं काम आहे. प्रेशर गेज, टेंपरेचर कंट्रोलर, वजनकाटे वगैरे. सहा पोरं रोज दुचाकीवर सातपूर, सिन्नर, गोंदे, कधी ओझर अशी फिरतात. पाठीवरच्या सॅकमध्ये एक मास्टर इन्स्ट्रुमेंट (ज्याच्याशी गिऱ्हाइकाचा मीटर ताडून बघतो ते) आणि एक लॅपटॉप. जागेवर रीडिंग घ्यायचं आणि सर्टिफिकेट तिथंच बनवायचं. लॅपटॉपवर काम म्हणाल तर एक्सेल, एक जुनं विंडोजचं सॉफ्टवेअर आणि यूएसबी टू सीरियल केबल. आय थ्री प्रोसेसर सुद्धा जास्तच होतो.

२०२२ मध्ये सहा घेतले होते. नेहमीचे घरगुती, पंधरा इंची, चंदेरी. कंपनीचं नाव घेत नाही, कारण माझ्या मते दुसऱ्या कंपनीचे घेतले असते तरी हेच झालं असतं. आज परिस्थिती अशी की चारांच्या बिजागऱ्या तुटल्यात. एकाला एमसील लावलंय, एकाला दोन्ही बाजूंनी कागदाच्या काळ्या क्लिपा. परवा एका गिऱ्हाइकाच्या क्वालिटी मॅनेजरनं तो क्लिपवाला बघितला आणि शांतपणे विचारलं, "तुमचं मास्टर पण असंच आहे का?" त्या रात्री झोप नाही लागली.

आता तीन पर्याय समोर आहेत. पुन्हा घरगुतीच, साधारण ४५ हजारांचा. नवीन बिझनेस सिरीजचा, म्हणजे ऑफिसांसाठी बनवलेला, ७५-८० हजार. किंवा रिफर्बिश्ड बिझनेस, म्हणजे वापरलेला, तपासून पुन्हा विकायला काढलेला, २८-३० हजार. डीलर म्हणतो, "मिलिटरी ग्रेड आहे सर, डोळे झाकून घ्या." डोळे झाकून घेतल्याचे परिणाम वर लिहिलेच आहेत. म्हणून विचारतो, बघायचं नेमकं काय?


पंचवटी_पासधारक
९ नोव्हेंबर २०२५, रात्री १०.४०

ऑफिसनं दिलेला थिंकपॅड (लेनोव्होची बिझनेस सिरीज) सहा वर्षं पंचवटी एक्सप्रेसनं आणतोय-नेतोय. एकदा कसाऱ्याच्या अलीकडे वरच्या रॅकवरून सॅकसकट खाली आला. कोपऱ्याला चीर गेली, बाकी आजतागायत चालू. मी स्वतः पैसे देऊन एवढा महाग घेतला असता का? नसता. पण टिकतो हे नक्की.


नुसताच_हिशोब
१० नोव्हेंबर २०२५, सकाळी ८.०५

जरा उलटं बोलतो, रागावू नका. लॅपटॉप टिकवायचा कशाला? इन्कम टॅक्समध्ये कॉम्प्युटरला ४० टक्के घसारा आहे. आज १०० रुपयांची वस्तू तीन वर्षांनी वहीत २१ रुपये ६० पैशांची राहते. तीन वर्षं वापरा, फेकून द्या, नवीन घ्या. ८० हजार घालून सहा वर्षं तोच जुना प्रोसेसर सांभाळण्यापेक्षा ४५ हजारांचे दोनदा घेतलेले बरे. पोरांनाही नवीन मशीन मिळतं. पक्कं जीएसटी बिल तेवढं घ्या.


कॅलिब्रेशनवाला
१० नोव्हेंबर २०२५, सकाळी ८.५०

हिशोब साहेब, गणित पटलं. फक्त माझे तीन वर्षं गेलेच नाहीत हो. पहिली बिजागरी चौदाव्या महिन्यात गेली, म्हणजे वॉरंटी संपून दोन महिने झाले होते. आणि सेंटरवाल्यानं हेही सांगितलं की वॉरंटीत असता तरी हे "फिजिकल डॅमेज" धरलं असतं. मशीन बंद म्हणजे तो पोरगा दिवसभर ऑफिसात बसून. एका दिवसाच्या चार व्हिजिट बुडतात, ते तुमच्या घसाऱ्यात कुठं बसवायचं?


स्क्रूड्रायव्हर_काका
१० नोव्हेंबर २०२५, दुपारी २.३०

दुकानात गर्दी नाही म्हणून सविस्तर लिहितो. नाशिकरोडला १९ वर्षं लॅपटॉप दुरुस्त करतोय. माझ्या टेबलावर येणाऱ्या माणसांचा पहिला प्रश्न "काका, कुठली कंपनी चांगली?" हा असतो, आणि तो प्रश्नच चुकीचा आहे. प्रत्येक कंपनी दोन्ही प्रकारचं बनवते. कंपनी बघू नका, सिरीज बघा.

आधी बिजागरीचं. घरगुती लॅपटॉप उघडला की आत काय दिसतं? बिजागरी स्वतः लोखंडी आणि भक्कम असते. ती सहसा तुटत नाही. तिचे स्क्रू पितळेच्या बारीक नटांत जातात आणि ते नट गरम करून प्लास्टिकच्या खांबांत दाबून बसवलेले असतात. खांब किती जाड? आगपेटीच्या काडीपेक्षा थोडे जास्त. सुरुवातीला बिजागरी घट्ट असते, पुढे धूळ आणि गंजानं आणखी आवळते. तुम्ही स्क्रीन उजव्या कोपऱ्याला धरून फटकन उघडता. सगळा जोर एका बाजूच्या दोन-तीन खांबांवर येतो. एक दिवस "टक्क" आवाज होतो, नट प्लास्टिकसकट उपटून बाहेर येतो आणि स्क्रीनची कड फाकते. लोक त्या आवाजाकडे लक्ष देत नाहीत. पुढचे आठ दिवस तसंच उघड-मीट करतात आणि मग बिजागरी वरचं कव्हर फोडते, डिस्प्लेची केबल ओढते, कधी पॅनेलच जातं. ज्या दिवशी टक्क वाजलं त्या दिवशी आणला असता तर बिजागरीच्या टोकाचा नट थोडा सैल करून आणि खांब भरून पोटापुरत्या पैशांत काम झालं असतं. नंतर आणलात की एबीएच बदलावं लागतं. (वरचं कव्हर ए, स्क्रीनभोवतीची चौकट बी आणि हिंज एच, आमच्या बाजारात हा सेट याच नावानं मिळतो.) आणि एमसील लावून आणलात तर मी हात जोडतो. एमसील कुठं कुठं उतरलेलं असतं ते काढता काढता चांगला भागही जातो.

बिझनेस सिरीजच्या वरच्या मॉडेलांत बिजागरीचा स्क्रू थेट धातूत जातो, मॅग्नेशियमच्या नाहीतर ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये. एवढाच फरक. पण त्या एवढ्याशा फरकावर सगळं उभं आहे. बाकी मिलिटरी-बिलिटरी नंतर.

आता "वरच्या मॉडेलांत" हा शब्द का वापरला? लेनोव्होत थिंकपॅड नाव सगळ्यांवर असतं, पण ई ही स्वस्त सिरीज, एल मधली, टी आणि एक्स वरच्या. एचपीत प्रोबुक खाली, एलिटबुक वर. डेलच्या लॅटिट्यूडमध्ये ३००० खालची, ५००० मधली, ७००० वरची. या वर्षीपासून डेलनं नवीन मशीनवरचं लॅटिट्यूड हे नावच बंद केलं, आता डेल प्रो, प्रो प्लस, प्रो प्रीमियम असं चालतं. खालच्या सिरीजमध्ये वरच्या सिरीजची ऐट असते, आतली हाडं असतीलच असं नाही. डीलर नाव दाखवतो ऐटीचं आणि देतो खालचं.

प्लास्टिक म्हणजे वाईट, धातू म्हणजे चांगलं, हेही डोक्यातून काढा. काच-तंतू मिसळलेलं चांगलं प्लास्टिक दाबलं तर वाकतं आणि जागेवर येतं. पातळ ॲल्युमिनियम एकदा पोचलं की पोचलं, आणि तो पोचा आतल्या बॅटरीवर किंवा स्क्रीनवर दाबत बसतो. मॅग्नेशियम कडक आणि हलकं, पण फार जोराचा मार बसला तर तडकतं. सॅकमधून फिरणाऱ्या लॅपटॉपला बाहेरून चकचकीत धातू नको, आत सांगाडा हवा.

उरलेलं रात्री लिहितो, गिऱ्हाईक आलं.


दुर्वांकुर
१० नोव्हेंबर २०२५, दुपारी ३.१०

काका, "पोटापुरत्या पैशांत" म्हणजे किती ते पण सांगा 😀


निवृत्त_ओझर
१० नोव्हेंबर २०२५, संध्याकाळी ६.४५

काकांनी मिलिटरी-बिलिटरी नंतर म्हटलं, तेवढ्यात मी घुसतो. ओझरला टेस्टिंगमध्ये आयुष्य गेलं, म्हणून हा शब्द ऐकला की कान टवकारतात.

डीलर जो कागद दाखवतो त्यावर मिल-एसटीडी-८१०एच लिहिलेलं असतं. हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं चाचणी-पद्धतींचं पुस्तक आहे. एच ही आवृत्ती २०१९ ची, त्याआधीची जी २००८ ची. आत उष्णता, थंडी, आर्द्रता, धूळ-वाळू, कंप, धक्का अशा पद्धती दिलेल्या आहेत. पण त्या पुस्तकाचा मूळ सांगावाच असा की तुमची वस्तू प्रत्यक्षात कुठं वापरली जाणार ते आधी ठरवा आणि त्यानुसार चाचणी आणि तिची तीव्रता निवडा. सगळ्या वस्तूंनी सगळ्या परीक्षा द्यायच्या, असं तिथं नाही. आणि अमेरिकन लष्कर लॅपटॉपला पास-नापासाचा शिक्का देत नाही. कंपनी स्वतः किंवा एखाद्या प्रयोगशाळेत चाचणी करते आणि जाहिरातीत लिहिते.

पडण्याची चाचणी घ्या. वस्तूची सहा पृष्ठं, बारा कडा, आठ कोपरे, असे एकूण २६ वेळा टाकायचं. माणूस हातात घेऊन जातो अशा हलक्या वस्तूसाठी उंची १२२ सेंटिमीटर, खाली प्लायवुड. ऐकायला भारी वाटतं. पण या २६ आपटण्या पाच नमुन्यांत वाटून घेण्याची मुभा आहे. म्हणजे एका मशीनच्या वाट्याला पाच-सहाच येतात. आणि साध्या बिझनेस लॅपटॉपच्या बाबतीत कंपनी किती उंचीवरून, चालू स्थितीत की बंद, हे जाहिरातीत बहुधा लिहीतच नाही. द्वारका सर्कलला गाडीवरून पडणार तो प्लायवुडवर पडणार नाही, हे सांगायला नको.

म्हणून मी डीलरला एवढंच विचारीन: कुठल्या पद्धती केल्या, किती तीव्रतेनं? उत्तर आलं तर तो कागद कामाचा. "सर, मिलिटरी आहे ना" असं आलं तर मुकाट्यानं पुढच्या दुकानात जा.

धूळ-पाण्यासाठी वेगळा आकडा असतो, आयपी. आयपी ६५ असेल तर ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही, ५ म्हणजे पाण्याचा झोत सोसतो. तो आकडा टफबुकसारख्या खऱ्या रग्ड, म्हणजे मार खायलाच बनवलेल्या, मशीनवर मिळेल. साध्या बिझनेस लॅपटॉपवर शोधू नका. पंखा आहे म्हणजे हवेला भोक आहे, आणि भोक आहे म्हणजे धूळ आहे.


दिंडोरीची_क्यूसी
१० नोव्हेंबर २०२५, रात्री ९.२०

धुळीवरून आठवलं, पाण्याचं पण सांगते. आमच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सीझनला लॅपटॉप मरायचे, आणि ते कुणाच्या हातून पडून नव्हे. कोल्ड रूम शून्याच्या आसपास. आत जाऊन पल्प टेंपरेचर, म्हणजे मण्याच्या आतलं तापमान घ्यायचं, लॅपटॉपवर टाकायचं आणि बाहेर यायचं. बाहेर मार्चचं ऊन. थंड मशीन गरम हवेत आलं की काचेच्या ग्लासला सुटतं तसं पाणी सुटतं, फक्त ते आतल्या बोर्डावर. तेव्हाच चालू केलं की गेलंच. दोन सीझनमध्ये तीन मशीन गेल्यावर आमच्या इलेक्ट्रिशियन दादांनी शोधून काढलं. ते आधी त्या कंपनीला शिव्या घालत होते 😅

आता साधा उपाय करतो. कोल्ड रूममधून बाहेर येण्याआधी लॅपटॉप बंद करून मोठ्या झिपलॉक पिशवीत घालायचा, हवा दाबून काढायची, आणि बाहेर अर्धा-पाऊण तास पिशवी उघडायची नाही. पाणी पिशवीवर सुटतं. दादा, तुमची पोरं कोल्ड स्टोरेजला जात असतील तर हे करून बघा. ८० हजारांचा घेतला तरी हे करावंच लागेल.


कॅलिब्रेशनवाला
१० नोव्हेंबर २०२५, रात्री ९.३५

ताई, जातात की! पिंपळगाव-दिंडोरी पट्ट्यात डिसेंबरपासून सेन्सर कॅलिब्रेशनची रांग लागते. सहातला पाचवा लॅपटॉप तसाच गेला असणार. आम्ही त्याला व्होल्टेजवर ढकललं होतं. उद्याच पिशव्या आणतो.


गंगापूर_रोड_पिक्सेल
११ नोव्हेंबर २०२५, सकाळी ११.००

सगळे इतकं का ताणताय कळत नाही. मॅकबुक एअर घ्या. २०२० च्या एम वनपासून त्याला पंखाच नाही, म्हणजे धूळ ओढायचा प्रश्नच मिटला. अख्खी बॉडी एका ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरलेली. माझा पाच वर्षं झाली, बिजागरी पहिल्या दिवशीसारखी.


स्क्रूड्रायव्हर_काका
११ नोव्हेंबर २०२५, दुपारी १.१५

पिक्सेल भाऊ, मशीन उत्तम आहे, वाद नाही. बिजागरीबद्दल तर बोलायलाच नको, आणि पंख्याचा मुद्दा शंभर टक्के खरा. अंबडच्या ग्राइंडिंग शॉपमधून आलेले लॅपटॉप मी उघडतो तेव्हा पंख्यात नुसती धूळ नसते, लोखंडाचा बारीक चुरा असतो. तो विजेचा वाहक. बोर्डावर बसला की शॉर्टिंग. वर्षातून एकदा उघडून साफ केलंच पाहिजे.

पण यांचं सॉफ्टवेअर विंडोजचं, आणि जुनं. आणि मॅकमध्ये रॅम आणि स्टोरेज बोर्डाशी जोडलेलं असतं. बोर्ड गेला की डेटा गेला समजा. सर्टिफिकेटं देणाऱ्या माणसानं हा धोका घेऊ नये, किंवा रोज बॅकअप घ्यावा. (घेत नाही कुणी. एवढ्या वर्षांत रोज बॅकअप घेणारी तीन माणसं बघितली, त्यातल्या दोघी शाळेतल्या बाई.)

हो, धातूच्या बॉडीवरून एक राहिलंच. दोन पिनांचा चार्जर लावला की धातूच्या लॅपटॉपला हात लावताना मुंग्या येतात. चार्जरच्या आत एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून अगदी थोडा करंट बॉडीवर येतो आणि अर्थिंग नसल्यानं त्याला जायला वाट नसते. धोका नाही. पण कॅलिब्रेशनवाल्यांनो, तुम्ही सीरियल केबलनं मीटर जोडता ना? चार्जर लावून रीडिंग हलतं आणि काढल्यावर स्थिरावतं, असं होतं का बघा. तीन पिनांचा चार्जर आणि नीट अर्थिंग असलेला सॉकेट घ्या. नाहीतर रीडिंगच्या वेळी बॅटरीवर चालवा.


कॅलिब्रेशनवाला
११ नोव्हेंबर २०२५, दुपारी १.३२

काका!!! गोंद्याच्या एका साइटला हेच होतं. शेवटचा अंक नाचतो. आम्ही दोन वर्षं केबल बदलतोय.


नुसताच_हिशोब
११ नोव्हेंबर २०२५, दुपारी ४.००

ठीक, माझा फेकून द्यायचा मुद्दा अर्धा मागे घेतो. पण रिफर्बिश्डवर माझा अजिबात विश्वास नाही. दुसऱ्याचं झिजलेलं आपण पैसे देऊन का घ्यायचं?


लॅमिंग्टन_रिटर्न
११ नोव्हेंबर २०२५, रात्री ११.०५

कारण झिजण्याचा वेग वेगळा असतो, हिशोब साहेब. परदेशी बँकेच्या टेबलावर चार वर्षं डॉकला (टेबलावरच्या जोडणीच्या ठोकळ्याला) लावून ठेवलेला टी सिरीजचा लॅपटॉप आपल्याकडच्या एका पावसाळ्याएवढाही झिजलेला नसतो. मी लॅमिंग्टन रोडला सात वर्षं हाच धंदा केला, आता घरी परत आलोय, विकायला काही नाही. म्हणून खरं लिहितो. रिफर्बिश्डमध्ये खड्डे आहेत, ते माहीत असले तर माल सोनं आहे.

पहिला खड्डा, जनरेशन, म्हणजे प्रोसेसरची पिढी. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी जनरेशन किंवा पुढची लागते, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप. त्यामुळे सहावी-सातवी जनरेशन सध्या बाजारात लोटली जातेय, स्वस्तात, वर जुगाड करून टाकलेलं विंडोज ११. हात लावू नका. आठवीत २०१८ चा थिंकपॅड टी ४८० आहे. एक बॅटरी आत आणि दुसरी बाहेरून खटकन काढता येणारी. टी सिरीजमधली ती शेवटची तशी. फिल्डच्या माणसाला दुसरी बॅटरी खिशात ठेवता येणं म्हणजे काय सुख ते मी सांगायला नको. पण आता तो सात वर्षांचा झाला, म्हणून शक्य असेल तर दहावी-अकरावी बघा.

दुसरा खड्डा मोठा. हे लॅपटॉप कुठल्या तरी कंपनीच्या यादीत नोंदलेले असतात. दुकानात चालू दिसतं, कारण दुकानदारानं इंटरनेट न जोडता विंडोज टाकलेलं असतं. सहा महिन्यांनी तुम्ही रिसेट मारता आणि पडद्यावर कुठल्या तरी परदेशी कंपनीचं नाव आणि "तुमचा ऑफिसचा ईमेल टाका". संपलं. म्हणून दुकानातच, स्वतःच्या मोबाइलचं हॉटस्पॉट जोडून, समोर रिसेट करायला लावा. पाऊण तास जातो. चहा मागवा. त्यानंतर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरा. पासवर्ड मागितला तर परत ठेवा.

तिसरा, रंगरंगोटी. जुन्या कव्हरवर काळा स्प्रे मारून रबरासारखं मऊ करतात. दोन उन्हाळ्यांत चिकट होतं. स्टिकरच्या कडा आणि स्क्रूच्या भोवती बघा, रंग स्क्रूवर गेला असेल तर मारलेला आहे. बॅटरीचा रिपोर्ट विंडोजमध्येच निघतो, कमांडमध्ये पॉवरसीएफजी बॅटरीरिपोर्ट टाकायचं, मूळ क्षमता आणि आताची दोन्ही दिसतात. पांढऱ्या पडद्यावर दाबाचे फिकट डाग दिसतात का तेही बघा.

रॅमचे भाव सध्या चढलेत, तेव्हा ८ जीबीचा घेऊन नंतर वाढवू असं म्हणू नका. १६ चाच घ्या.


स्क्रूड्रायव्हर_काका
१२ नोव्हेंबर २०२५, दुपारी १२.२०

+१. रिटर्न भाऊंनी माझं काम कमी केलं. दुकानात उभं राहून करायच्या चार गोष्टी मी सांगतो.

स्क्रीन एका कोपऱ्याला धरून हळू उघडा. दुसरा कोपरा मागे राहिला किंवा चौकट फाकली तर नको. लॅपटॉप बंद करून झाकणाच्या मधोमध तळहातानं दाबा, सॅकमध्ये डब्याचा दाब येतो तेवढा. मग उघडून पडद्यावर कीबोर्डचे ठसे उमटलेत का बघा. उचलताना एका हातानं पुढच्या कोपऱ्याला धरून उचला, करकर आवाज आला तर आत सांगाडा नाही. उलटा करून स्क्रू मोजा. बिझनेस मशीनला सहसा सात-आठ स्क्रू, तेही खालच्या कव्हरमधून सुटून न पडणारे. घरगुतीत काही स्क्रू रबरी पायांखाली लपवलेले असतात. ज्यानं स्क्रू लपवले त्याला तुम्ही उघडावं असं वाटत नाही, एवढं समजा.

आणि घरी जाऊन एक काम करा. मॉडेलचं नाव टाकून कंपनीच्या साइटवर सर्व्हिस मॅन्युअल शोधा. लेनोव्हो, डेल, एचपी तिघंही बिझनेस मॉडेलची मॅन्युअलं उघड ठेवतात. कुठला स्क्रू कुठं, काढायचा क्रम काय, सुट्या भागाचा नंबर काय, सगळं. त्या नंबरावर मला भाग मागवता येतो. कंपन्यांनी हेच मॉडेल हजारोंनी घेतलेलं असतं, त्यामुळे बाजारात बेस, कीबोर्ड, बिजागरी सगळं मिळतं. घरगुती मॉडेल दर वर्षी बदलतं, चौथ्या वर्षी त्याचा कीबोर्ड शोधता शोधता माझे पाय दुखतात.

चार्जिंगची पिन हा फिल्डवाल्यांचा पुढचा शत्रू. जुन्या लॅटिट्यूडमध्ये गोल पिनचा सॉकेट वेगळ्या वायरवर असायचा, गेला की दहा मिनिटांत बदलायचा. टाइप सी आल्यापासून सॉकेट थेट मदरबोर्डवर. पोरानं वायर लटकती ठेवून लॅपटॉप उचलला की सॉकेट हलतो, मग बोर्डाचं काम. डेलनं यंदाच्या काही प्रो मशीनमध्ये हा सॉकेट स्क्रूनं बसणारा, वेगळा बदलता येणारा केलाय. फार वर्षांनी कुणीतरी आमच्यासारख्यांना विचारून बनवल्यासारखं वाटलं. नवीन घेत असाल तर ते जरूर बघा.

दुर्वांकुर, दुकानात या, चहाबरोबर सांगतो.


पंचवटी_पासधारक
१२ नोव्हेंबर २०२५, दुपारी १२.५५

चहावरून, सांडल्यावर काय? माझ्या मशीनच्या खाली भोकं आहेत, त्यातून चहा निघून जातो म्हणे.


स्क्रूड्रायव्हर_काका
१२ नोव्हेंबर २०२५, दुपारी १.०५

पाणी निघून जातं. आपला चहा साखरेचा, तो निघून जात नाही, चिकटून बसतो. भोकं तुम्हाला वेळ देतात, माफी देत नाहीत. चार्जर काढा, पॉवरचं बटण दाबून धरा, तंबूसारखा उलटा ठेवा आणि आणा. तांदळात घालू नका. पंख्यातून तांदूळ मीच काढतो.


निवृत्त_ओझर
१२ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळी ७.३०

😀 एक पुरवणी. बहुतेक लॅपटॉपच्या तपशिलात चालवण्याचं तापमान ३५ अंशांपर्यंतच दिलेलं असतं. मे महिन्यात डिकीत ठेवलेलं मशीन बाहेर काढून लगेच चालू करू नये. बॅटरी दिवसभर चार्जरवर राहणार असेल तर ८० टक्क्यांची मर्यादा घाला, बिझनेस मशीनमध्ये ती सोय कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा बायोसमध्ये असतेच.


कॅलिब्रेशनवाला
१८ जानेवारी २०२६, रात्री ९.५०

धागा वर आणतोय, कारण निकाल सांगायचा राहिला.

दोन नवीन घेतले आणि चार रिफर्बिश्ड. नवीन दोन वरच्या सिरीजचे, तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी आणि अपघाती नुकसानीचं कव्हर वेगळं पैसे देऊन. हे दोन सिन्नर-गोंदे रूटच्या पोरांना, सगळ्यात जास्त आदळआपट तिकडे आहे. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खणलेत म्हटल्यावर शहरातले रूटही त्याच लायकीचे झालेत, पण असो. रिफर्बिश्ड चार अकराव्या जनरेशनचे, १६ जीबी. हिशोब साहेब, पक्कं बिल घेतलंय.

काकांची कोपरा-परीक्षा दुकानात केली तेव्हा सेल्समन घाबरला. ८० हजारांच्या एका मॉडेलची चौकट फाकली, ते तिथंच ठेवलं. रिटर्न भाऊंचा रिसेट केला. सहा दाखवले होते, त्यातल्या दोघांवर आयर्लंडच्या कुठल्या तरी कंपनीचं नाव आलं. दुकानदार म्हणाला, "सर, इतकं कुणी बघत नाही." दोन्ही बदलून दिले, वाद घातला नाही.

क्यूसी ताई, पिशव्या सगळ्यांच्या सॅकमध्ये आहेत. दिंडोरी पट्टा चालू होऊन महिना झाला, अजून सगळे जिवंत. गोंद्याचा नाचणारा अंकही थांबला, बॅटरीवर चालवतो. दोन वर्षांच्या केबलींचे पैसे कुणाकडे मागू?

एक अडचण मात्र आहे. बदलून आलेल्या दोनपैकी एकाचा कीबोर्ड जर्मन निघाला. वायच्या जागी झेड आणि झेडच्या जागी वाय. सेटिंग बदललं तरी पोरगा बटणाकडे बघूनच टाइप करतो, आणि काल "झिरो एरर"च्या जागी "वायिरो एरर" छापलेलं सर्टिफिकेट गिऱ्हाइकाकडे गेलं.


स्क्रूड्रायव्हर_काका
१८ जानेवारी २०२६, रात्री १०.१५

खालच्या स्टिकरचा फोटो पाठवा, मॉडेलवरून भागाचा नंबर काढतो. अकराव्या जनरेशनमध्ये काहींचा कीबोर्ड वरून निघतो, काहींना अख्खा बोर्ड काढावा लागतो, ते बघून सांगीन. तोवर दोन बटणांवर स्टिकर लावा. आणि तो क्लिपावाला जुना टाकू नका, येताना घेऊन या. त्याची बिजागरी चांगली असेल, मला लागते.